चोवीस पदरी तात

जुन्नरच्या पेठेत कासम पिंजारी दिसायच्या आधी ऐकू यायचा. खांद्यावर त्याच्याहून हातभर लांब अशी कापूस पिंजायची कमान, कमरेला कमानीवर मारायची लाकडी मूठ, आणि चालता चालता त्याचं बोट कमानीच्या तातीला एकदा तरी छेडून जायचंच. गल्लीच्या टोकाला 'ठुंईंऽ' उमटलं की बायका उठून जुन्या गाद्या उन्हात टाकायच्या.

सन छप्पनच्या उन्हाळ्यात कासमनं पन्नाशी ओलांडली होती. दसरा झाला की पूर्वेला बोरी बुद्रुकपासून पश्चिमेला घाटघरपर्यंत त्याची फेरी निघे. कुणाकडे लग्न निघालंय, कुणाची लेक बाळंतपणाला येणार आहे, हे त्याला न्हाव्याच्याही आधी कळे. पण 'तुझा धंदा काय' असं कुणी विचारलं, तर तो कापसाचं नाव आधी घेत नसे.

"मी तात वळतो," म्हणायचा. "कापूस काय, कुणीबी झोडपील."

तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची दोरी. बाकीचे पिंजारी ती विकत आणत, कासम घरी करी. शौकत खाटकाकडून ताजी आतडी आणायची, धुवायची, राखेच्या पाण्यात भिजत घालायची, बांबूच्या कामटीनं खरवडायची. मग ओले पदर एकत्र वळून, दारातल्या कडुनिंबापासून भिंतीतल्या खुंटीपर्यंत ताणून, सावलीत तीन दिवस वाळू द्यायची. मेंढी कुठली, यावरही त्याचा कटाक्ष असे. "घाटघरकडचं गवत ओलं. तिकडच्या मेंढीचं आतडं लेचंपेचं. बोरीच्या माळावर कुसळं खाऊन वाढलेली मेंढी पायजे. तिची तात म्हंजी..." पुढं शब्द सुचला नाही की तो तातच वाजवून दाखवी.

वाळलेल्या तातीवर शेवटचा हात चरबीचा. चिंधीला बोटभर चरबी लावून तात या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळायची. मग पिंजताना कापसाचे तंतू तिला चिकटत नाहीत. हा हात द्यायची कासमला आठवण ठेवावी लागत नसे. जेवल्यावर माणूस चूळ भरतो, तसा तो आपोआप व्हायचा.

आदल्या दिवाळीत त्याचा पुतण्या नवाब यानं बाजारात पिंजायचं मशीन आणलं. तेलाच्या इंजिनवर चालणारं. कासमला जे काम दिवसभर पुरे, ते मशीन तासाभरात उरकायचं. नवाब मनाचा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "चाचा, ती कमान आता गडावर नेऊन ठेवा," तो भर बाजारात म्हणायचा. "लोक बघायला येतील."

घरात कासमची बायको चांदबी तेच जरा गोडीनं सांगे. "इशरतचे अब्बा, पोरगी सासरी सुखात हाय. आता कुणासाठी गावं पालथी घालता? नवाब सावलीत बसवतोय तर बसा की."

"मशीनला कान न्हाई," कासम म्हणे. "कापूस ओला का कोरडा, जुना का नवा, मला तात सांगती. मशीन काय सांगतंय? नुसतं खोकतंय."

पण त्या सालात घाटघरच्या फेरीत त्याला तीनच घरं मिळाली होती. बाकीच्यांनी कापूस बैलगाडीत घालून नवाबकडे धाडला होता. हे त्यानं चांदबीला सांगितलं नव्हतं.

चैत्रात कापडाचे व्यापारी नेमीचंद शेठ यांच्याकडून बोलावणं आलं. त्यांच्या लेकीचं, गुलाबचं, लग्न अक्षय तृतीयेला होतं आणि सहा गाद्या भरायच्या होत्या. शेठाणी कंचनबाईंचा एक नियम होता. घर जैनांचं आणि तात आतड्याची, म्हणून पिंजाऱ्यानं बाहेरच्या ओट्यावरच बसायचं. कमान उंबऱ्याच्या आत यायची नाही. वीस वर्षांत कासमनं हा नियम कधी मोडला नव्हता, आणि वीस वर्षांत कंचनबाईंनी त्याला चहाशिवाय कधी परत धाडला नव्हता.

सोमवारी सकाळी तिसऱ्या गादीचा कापूस निम्मा पिंजून झाला होता. तेवढ्यात घरातून एक उंच, गोरी, चाळिशीची बाई अनवाणी बाहेर आली आणि थेट कापसाच्या ढिगापाशी उकिडवी बसली. कासमची मूठ हवेतच थांबली. बाईनं हातानं खूण केली : पुन्हा. कासमनं तातीवर मूठ मारली. बाईनं कान तातीजवळ नेला आणि डोळे मिटले.

तिच्या मागून शेठजींचा मुलगा पोपटलाल आला. तो पुण्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. हॉलंडहून आलेल्या चार वादकांची मैफल येत्या रविवारी त्याच्या कॉलेजात व्हायची होती. मधल्या दिवसांत लेणी आणि गड दाखवायला तो त्यांना जुन्नरला घेऊन आला होता. वाद्यं जिवापाड जपायची म्हणून उचलून नेता येतील ती तिन्ही त्यांनी बरोबर आणली होती.

"कासमचाचा, ह्या मार्ग्रिटबाई," पोपटलाल म्हणाला. "विचारतायत, ही तार कशाची?"

"तार न्हाई, तात. मेंढीच्या आतड्याची."

पोपटलालनं सांगताच बाई धावत आत गेली आणि पिवळसर, जाडजूड दोरीचे दोन तुकडे घेऊन आली. कासमनं ते बोटांत फिरवले, हुंगले, एकाचं टोक जिभेला लावलं. "ही बी आतड्याचीच की!"

दारात उभ्या कंचनबाईंच्या हातातला चहाचा पेला हिंदकळला. "काय? आतडं? पोपट, त्या पेट्यांत आणखी काय काय आहे?"

"आई, त्यांच्या सगळ्याच वाद्यांना..."

"आणि तू त्या देवघराच्या भिंतीला लावून ठेवल्यास? हा कासमभाई शाळेची पायरी चढला नाही, वीस वर्षं नियम पाळतोय. आणि हा आमचा इंजिनियर!"

पाव घटकेत तिन्ही पेट्या बाहेरच्या कोठीत गेल्या. कासमनं तोंड कापसाकडे वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

मग सगळा उलगडा झाला. मार्ग्रिटबाईचं वाद्य गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं, माणसाच्या छातीएवढ्या पोटाचं. त्याची सर्वांत खालच्या आवाजाची तात कोरड्या हवेत आदल्या आठवड्यात तुटली होती. जवळ होत्या त्या जादा ताती बोटीवरच्या दमट हवेनं कुजल्या होत्या. मुंबई-पुण्याच्या दुकानांत सारंगीच्या ताती मिळाल्या, पण एवढी जाड कुठेच नाही. घरून मागवायची तर महिना. आणि रविवारच्या मैफलीतली मोठी रचना सगळी त्या एका तातीवर उभी होती.

"मग पोलादाची लावा की," कासम म्हणाला.

पोपटलालनं विचारलं. बाईनं जोरात मान हलवली आणि बराच वेळ बोलली. पोपटलाल डोकं खाजवत म्हणाला, "चाचा, त्यांचं म्हणणं असं, की आपल्या गडावर महाराज जन्मले, त्या सुमाराला त्यांच्या मुलखात अशी वाद्यं वाजायची. ते लोक त्या काळची रचना त्या काळच्याच वाद्यावर, तशाच तातीवर वाजवतात. पोलाद लावलं की आवाज मोठा येतो, पण तो नव्हे."

कासम बाईकडे बघतच राहिला. सातासमुद्रापलीकडून कुणीतरी येऊन त्याच्याच मनातलं बोललं होतं.

नेमका तेव्हाच नवाब अंगणात आला. उरलेला कापूस मशीनवर द्यावा, असं शेठजींना सुचवायला तो आला होता. गोष्ट ऐकून तो हसला. "पोपटशेठ, बाईंना सांगा, चाचाची तात कापूस झोडायची. गाण्याबजावण्यात तिचं काय काम?"

कासम उठून उभा राहिला. अंगावरचा कापूस त्यानं झटकला नाही. "नवाब, ऐक. समद्यांनी ऐका. रविवारी बाईच्या वाद्यावर माझी तात बोलली न्हाई, तर सोमवारपासून मूठ खाली ठेवीन आन तुझ्या मशीनवर येऊन बसंन."

"आणि माझ्या गाद्या?" कंचनबाई म्हणाल्या.

"त्याबी मशीनवर, भाभी. पन ती येळ यायची न्हाई."

बोलून तर गेला. बाईच्या तुटक्या तातीचा एक तुकडा त्यानं मागून घरी आणला. कमानीची तात तो बारा पदरांची वळी. ती कुठं जाड, कुठं बारीक असली तरी कापसाला फरक पडत नसे. ही कशी होती? त्यानं तुटका तुकडा कोमट पाण्यात टाकला. तासाभरानं तो मऊ पडल्यावर पीळ उलटा फिरवत पदर एकेक सुटा केला आणि दाराच्या फळीवर ओळीनं मांडला. चोवीस. सगळे बारीक, सगळे सारखे.

"कोकराची आतडी लागतील," तो चांदबीला म्हणाला. "बोरीकडची."

"मशीनवर बसायची चांगली संधी आलीया, आन तुमी ती हातानं घालवताय," चांदबी म्हणाली. पण मंगळवारी ओले पदर वळायला घेतले तेव्हा दुसरं टोक तिनंच धरलं. कासमची बोटं राठ झाली होती. पदरातली बारीक गाठ त्यांना लागत नसे, ती चांदबीच्या बोटांना लागायची. "थांबा," ती म्हणायची. पीळ उलगडायचा, पदर बदलायचा, पुन्हा वळायचं. संध्याकाळपर्यंत कडुनिंबापासून भिंतीपर्यंत तीन ताती ताणून झाल्या. पाहुणे तोवर पुण्याला गेले होते.

बुधवारी एक तात मधोमध फुगीर दिसू लागली. गुरुवारी दुसरी तुटली. तिचा फटका कोंबड्यांत बसला आणि त्या शेजारच्या परसात पळाल्या. तिसरी शुक्रवारी उतरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवली, तर चिमूट कुठं म्हणून अडखळली नाही. चांदबीनंही डोळे मिटून बोटं फिरवून पाहिली. "साप बी इतका गुळगुळीत नसतो," ती म्हणाली. कासमनं खूश होऊन तातीवर शेवटचा हात फिरवला, गुंडाळी केली आणि ती पत्र्याच्या डब्यात घातली.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं तो निघाला. नारायणगाव, मंचर करत गाडी पेठ गावात थांबली. ड्रायव्हरनं इंजिनात पाणी ओतलं. कासमनं तेवढ्यात डबा उघडून तात बघून घेतली, तेव्हा शेजारच्या पावण्यानं विचारलं, "काय हाय वो, भाकरी का दागिना?"

"दोन्ही," कासम म्हणाला.

शिवाजीनगरला पोपटलाल उभाच होता. कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी चौघं वादक जमले होते. दोन छोटी व्हायोलिनं, मार्ग्रिटबाईचं मोठं वाद्य, आणि हार्मोनियमसारख्या पट्ट्यांची लांबलचक पेटी. तिला भाता नव्हता. पट्टी दाबली की आतून कावळ्याच्या पिसाचं टोक तारेला छेडायचं. दुसऱ्या वेळी कासमनं त्या पेटीत डोकं घालून पाहिलं असतं. आज त्याचं लक्ष डब्यावर होतं.

मार्ग्रिटबाईनं पितळेच्या मापाच्या खाचेत तात घालून पाहिली. चपखल. तिनं कासमच्या खांद्यावर थाप मारली. खुंटीला गुंडाळून हळूहळू ताणत तिनं तात सुराला आणली, गज हातात घेतला आणि ओढला.

फस्स.

पुन्हा ओढला. गज बर्फावरून सरकावा तसा सरकला. आवाज नाहीच. दाढीवाला मुख्य वादक जवळ आला, त्यानं घड्याळ पाहिलं आणि बाईशी हलक्या आवाजात बोलला. सहाला मैफल होती आणि दोन वाजून गेले होते.

"काय म्हणतोय?" कासमनं विचारलं.

पोपटलाल खाली बघत म्हणाला, "ती रचना गाळू या म्हणतोय."

कासमच्या डोळ्यांपुढं नवाबचं मशीन आलं, खोकणारं, आणि त्याच्यापुढं मांडलेला पाट. त्यानं बाईच्या हातातला गज मागून घेतला. घोड्याच्या केसांवरून बोट फिरवलं, हुंगलं. राळ. चिकटावं म्हणून केसांना राळ लावतात. मग त्यानं तातीवरून बोट फिरवलं आणि अंगठ्यावर चोळून पाहिलं. अंगठा चमकला.

"या खुदा," त्यानं अंगठा पोपटलालपुढं धरला. "चरबी."

"काय झालं?"

"सवय रे बाबा, सवय! कापूस चिकटू नये म्हनून आमी तातीला चरबी लावतो. चाळीस वरसं लावतोय. आन ह्यांचं सगळं चिकटन्यावरच हाय! सांग त्यांला, चूक माझी हाय. तातीची न्हाई. एक तास द्या म्हनावं." त्यानं बाईला गज परत दिला. "राख पायजे, लाकडाची. आन कापूस."

राख मेसच्या चुलीत मिळाली. कापूस रविवारी दुपारी कुठून आणणार? कासमनं पोपटलालकडे पाहिलं. "तुझी गादी कुठंय?"

"चाचा! ती नवी आहे!"

"म्हाईत हाय. म्याच भरलीय. देवकपाशीचा कापूस हाय तिच्यात. उसव."

होस्टेलच्या खोलीत पोपटलालनं दाढीच्या पात्यानं गादीची शिवण उसवली तेव्हा शेजारची पोरं दारात गोळा झाली. "परीक्षेची तयारी का रे पोपट?" कुणीतरी विचारलं.

कासमनं राख धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली, तव्यावर कोमट केली आणि कापसाच्या बोळ्यानं तातीला चोळायला लागला. पाण्याचा थेंब लावायचा नव्हता, नाहीतर पीळ ढिला पडला असता. पहिला बोळा काळा झाला, दुसरा काळपट, पाचवा करडा. मार्ग्रिटबाई जमिनीवर मांडी घालून बोळे करून देत होती. दाढीवाला आता घड्याळाकडे बघत नव्हता. विसाव्या का पंचविसाव्या बोळ्याला कासम थांबला आणि वाकून बघू लागला. तातीवर एक बारीक पांढरा तंतू अडकून हलत होता. मग दुसरा. मग तिसरा.

असा तंतू दिसला की लहानपणी त्याचा बाप हातावर मूठ मारायचा. सारी हयात कासमनं त्याचीच भीती बाळगली होती. आज तो तंतू पाहून त्याला हसू फुटलं.

"चिकटला! आता वाजवा, बाई."

बाईनं दुसरा गज काढला, कारण पहिल्याच्या केसांना चरबी लागली होती. त्याला राळ घासली आणि हलकेच ओढला.

आवाज कानात आला नाही, आधी पायांत आला. मग बाकाच्या लाकडात, मग छातीत. पोपटलालच्या हातातली राखेची थाळी बारीक थरथरली. दाढीवाल्यानं काहीतरी म्हटलं. ते पोपटलालनं सांगितलं नाही आणि कासमनं विचारलंही नाही.

सहाला हॉल भरला. कासम शेवटच्या रांगेत टोपी सारखी करून बसला. रचना सुरू झाली. व्हायोलिनं एकमेकांच्या पाठीमागं धावत होती, पिसांची पेटी मध्येच चिवचिवत होती. कासमला सूर कळत नव्हते, पण हे दृश्य ओळखीचं वाटलं. चांगला पिंजलेला कापूस असाच वर उडतो, हलका, बिनगाठीचा. आणि खालून त्याला धरून ठेवणारी... ती बोलली. त्याची तात. लांब, सावकाश, भरदार. ती दर वेळी वाजली की कासम बोट दुमडायचा. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यानं मोजायचं सोडलं आणि नुसता ऐकत बसला.

मधल्या विश्रांतीआधी दाढीवाला उठून बोलला. पोपटलाल कानाशी कुजबुजला, "चाचा, वाद्यं कुठल्या गावच्या कारागिरांच्या नमुन्यावर बनवली ते सांगतोय. आणि आता म्हणतोय, सर्वांत खालची तात मिस्टर कासम, जुन्नर."

सगळ्या माना मागं वळल्या. कासम उठून उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बोरीच्या कोकराची!" तो मोठ्यानं म्हणाला. "आन पदर माझ्या चांदबीनं निवडलेत."

पोपटलालनं इंग्रजीत सांगितलं. हॉल आधी हसला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्ग्रिटबाई वाद्य गुडघ्यांत धरूनच टाळ्या वाजवत होती. मैफल संपेपर्यंत तात टिकली. बाईनं आणखी चार मागितल्या आणि कासमनं एकच अट घातली : शेवटचा हात मारायच्या वेळी चरबीची चिंधी बायकोकडं राहील.

सोमवारी दुपारी तो नेमीचंद शेठच्या ओट्यावर येऊन बसला. तिसऱ्या गादीचा कापूस आठवडाभर तसाच फडक्याखाली पडला होता. कंचनबाई चहा घेऊन आल्या. पोपटचं पत्र यायचं होतं, पण पेठेतल्याच एका व्यापाऱ्याचा मुलगा त्याच होस्टेलात होता आणि पहाटेच्या गाडीनं घरी आला होता, त्यामुळे बातमी कासमच्या आधी पोचली होती.

"माझ्या पोराची नवी गादी फाडलीस म्हणे?"

"सातवी बी भरून देतो, भाभी."

"आणि तुझी तात भर सभेत बोलली, हे खरं?"

"लई बोलली."

फाटकातून नवाब हातगाडी ढकलत आत आला. कापसाची गाठोडी न्यायला शेठजींच्या नोकरानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. कासमला ओट्यावर पाहून तो थबकला. रिकामी हातगाडी त्यानं उगाच थोडी पुढं-मागं केली.

"चाचा, आज मशीनवर येनार व्हता न्हवं?"

"तात गप बसली का?"

नवाब मान खाजवत म्हणाला, "न्हाई म्हनत्यात लोक."

"मग?"

नवाबनं हातगाडी वळवली, पण गेला नाही. ओट्याच्या कडेला टेकला आणि कमानीकडे बघत बसला. कासमनं मूठ उचलली आणि तातीवर मारली. ठुंईंऽ. गल्लीच्या टोकाला कुणीतरी गादी उन्हात टाकली.